हेक्टरसाठीचे अश्रू उसने नाहीत

‘इलियड’ वाचताना ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्यासाठी ज्याचा जीव तुटतो, त्याला अभ्यासकांचा एक गट हमखास हटकतो. त्यांच्या मते हा कळवळा वाचकाचा आहे, होमरचा नव्हे. दोन महायुद्धांनंतरच्या जगात वाढलेले आपण आपला युद्धाचा तिटकारा इ. स. पू. आठव्या शतकाच्या आसपासच्या काव्यात नेऊन कोंबतो. होमर ग्रीक, त्याचे श्रोते ग्रीक, आणि ट्रॉयवर चालून गेलेल्या ग्रीक वीरांची कीर्ती गाणे हे त्याचे काम. या मताला आधारही जुना आहे. ‘इलियड’च्या मध्ययुगीन हस्तलिखितांच्या समासांत प्राचीन टीकाकारांचे शेरे जपले गेले आहेत. कवी सदैव ग्रीकांचाच कैवारी असतो, असे त्यांत बजावलेले आहे आणि हेक्टरला बढाईखोर ठरवलेले आहे. १९५३ साली मार्किनस व्हान डर व्हाल्क या डच अभ्यासकाने होमरच्या राष्ट्रीय वृत्तीवर निबंध लिहून हीच बाजू नव्याने मांडली.

हे मत चुकीचे आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे. ते मान्य केले तर ‘इलियड’चा गाभाच हातचा जातो, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

आधी काळाचा मुद्दा. हेक्टरच्या घरासाठी रडणे ही आधुनिकांची खोड असेल, तर प्राचीन ग्रीक श्रोते कोरड्या डोळ्यांनी बसून राहायला हवे होते. तसे घडत नव्हते, याची साक्ष प्लेटोच देतो. त्याच्या ‘आयन’ या संवादात सॉक्रेटिस एका काव्यगायकाशी बोलतो. होमरचे काव्य लोकांपुढे म्हणून दाखवणे हाच या आयनचा पेशा. ग्रीक वीर अकिलीस हेक्टरवर झेपावतो तो प्रसंग, किंवा अँड्रोमाकी, हेक्युबा आणि प्रायम यांचे करुण प्रसंग गाताना तू भानावर असतोस का, असे सॉक्रेटिस त्याला विचारतो. करुण भाग म्हणताना आपले डोळे भरून येतात, असे आयन सांगतो, आणि मंचावरून पाहावे तर श्रोतेही रडत असतात. वीस हजारांहून अधिक माणसांच्या मेळाव्याचा उल्लेख त्याच संवादात आहे. करुण म्हणून सॉक्रेटिस जी तीन नावे घेतो ती हेक्टरच्या बायकोची, आईची आणि बापाची आहेत. तिन्ही शत्रूच्या घरातली. ग्रीक उत्सवात, ग्रीक गायकाच्या तोंडून ऐकून, ग्रीक माणसे ट्रॉयसाठी रडत होती, आणि यात वावगे काही आहे असे त्यांना वाटत नव्हते.

हे एकट्या प्लेटोचे सांगणे नाही. थेसलीतल्या फेराय नगराचा अलेक्झांडर हा इ. स. पू. चौथ्या शतकातला कुख्यात जुलमी सत्ताधीश. युरिपिडीजचे ‘ट्रोजन स्त्रिया’ हे नाटक चालू असताना तो मध्येच उठून गेला, असे प्लुटार्क सांगतो. ज्यांना आपण मारले त्यांच्यातल्या एकाचीही कधी कीव केली नाही, आणि आता हेक्युबा व अँड्रोमाकी यांच्या दुःखाने आपल्याला रडताना प्रजेने पाहिले तर काय, अशी त्याला लाज वाटली. पॉसेनिअस हा इ. स. दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक तर थीब्जमध्ये हेक्टरची समाधी दाखवतो. देववाणीच्या आदेशावरून थीब्जच्या लोकांनी त्याच्या अस्थी आशियातून आणल्या, अशी तिथली श्रद्धा होती. आपल्या नगराची भरभराट व्हावी म्हणून शत्रूच्या सेनापतीच्या अस्थी आणून पुजणारे हे लोक ग्रीकच होते. तेव्हा हेक्टरबद्दलची माया विसाव्या शतकात जन्मली, हे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही.

आता काव्याकडे वळू. विरोधकांचे पुरावे मी झाकून ठेवणार नाही. तिसऱ्या सर्गात ट्रोजन सैन्य पक्ष्यांच्या थव्यासारखा कलकलाट करत येते आणि ग्रीक शांतपणे चालत येतात. नावानिशी मरणाऱ्यांमध्ये ट्रोजन आणि त्यांचे मित्र ग्रीकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. सहाव्या सर्गात अ‍ॅड्रेस्टस हा ट्रोजन वीर गुडघे धरून प्राणांची भीक मागतो आणि ग्रीक वीर मेनेलाउस विरघळू लागतो. तेव्हा अ‍ॅगामेम्नॉन त्याला झापतो: एकही ट्रोजन सुटता कामा नये, आईच्या पोटातला मुलगासुद्धा. कवी या सल्ल्याला रास्त म्हणतो. हा त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा, आणि तो मी मान्य करतो.

पण त्याच सर्गात पुढे काय येते? ज्या मुलांना पोटातच संपवायचे त्यांच्यातला एक आपल्यापुढे आणला जातो. हेक्टरचा तान्हा मुलगा दाईच्या कडेवर आहे. बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून तो किंचाळतो आणि दाईला बिलगतो. आईबाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, पोराला घेतो, मुका घेतो. अ‍ॅगामेम्नॉनची धमकी आणि हे पोर एकाच सर्गात बसवणारा कवी धमकीचा अर्थ न कळता लिहीत होता, असे कोण म्हणेल? सरसकट मारून टाका या हुकुमाला त्याने एक चेहरा दिला. हुकूम रास्त म्हणणारी ओळ एका बाजूला, आणि हा सबंध प्रसंग दुसऱ्या. वजन कुठे आहे हे वाचकाने ठरवावे.

ट्रोजन जास्त मरतात हेही खरे. पण ते कसे मरतात ते पाहा. चौथ्या सर्गात अजॅक्स सिमोइसिअस नावाच्या तरुणाला मारतो. या पोराने आजवर काही पराक्रम केलेला नाही. तरी कवी थांबून सांगतो की त्याची आई डोंगरावरून मेंढरे पाहून उतरत होती, तेव्हा सिमोइस नदीच्या काठी तो जन्मला. आईबापांनी वाढवल्याचे ऋण फेडायला त्याला आयुष्य पुरले नाही. पाचव्या सर्गात डायोमिडीज फेनॉप्स या म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे मारतो. बापाला तिसरे मूल नाही, त्याची मालमत्ता आता भाऊबंद वाटून घेणार, हे कवी आपल्याला सांगतो. आठव्या सर्गात हेक्टरवर सोडलेला बाण चुकून त्याचा भाऊ गॉर्गिथिऑन याला लागतो, आणि पावसाने जड झालेल्या खसखशीच्या बोंडासारखी त्याची मान कलते. अकराव्या सर्गात इफिडॅमस पडतो. नुकतेच लग्न झालेले, बायकोसाठी शंभर गुरे दिलेली, पण तिचा सहवास लाभलेला नाही.

फक्त ग्रीकांची कीर्तीच गायची असती तर शत्रूच्या बाजूच्या या अनोळखी पोरांना आई, नदीकाठ, लग्न आणि म्हातारा बाप देण्याची गरज नव्हती. नाव घेऊन मारून टाकणे पुरेसे होते. ट्रोजन जास्त मरतात म्हणून ही करुणाही बहुतांशी त्यांच्याच वाट्याला येते. विरोधक ज्या आकड्याला ग्रीकांच्या वरचढपणाचा पुरावा म्हणतात, तोच आकडा कवीने दुःखाच्या पदरात टाकला आहे.

दुसरा आक्षेप हेक्टरच्या वागण्याबद्दल आहे. तो काही साधुसंत नव्हे, असे सांगून वाचकाला गप्प केले जाते. खरेच नव्हे. अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याचे धड ओढून नेऊन त्याचे मुंडके उडवायचे आणि शरीर ट्रॉयच्या कुत्र्यांपुढे टाकायचे, असा त्याचा बेत होता. सतराव्या सर्गात ते स्पष्ट लिहिले आहे. मरणाऱ्या पॅट्रोक्लससमोर तो बढाया मारतो. अठराव्या सर्गात त्याचा सोबती पॉलिडॅमस त्याला रात्रीतच तटाआड परतायला सांगतो, आणि विजयाच्या धुंदीत हेक्टर तो शहाणा सल्ला झिडकारतो. तान्ह्या मुलासाठी देवापुढे तो जे मागणे मागतो, तेही ऐका: हा माझ्याहून सरस निघो, मारलेल्या शत्रूची रक्ताळलेली शस्त्रे घरी आणो आणि आईचे मन सुखावो. ज्या युद्धाने त्याचे घर बुडणार आहे, तेच युद्ध तो मुलाला आशीर्वाद म्हणून देतो.

पण हे सगळे आपल्याला कोणी सांगितले? होमरनेच. हेक्टरला निर्दोष ठरवून मग त्याच्यासाठी रडायला लावावे, असा आडमार्ग त्याने घेतला नाही. याचा सर्वांत नेमका पुरावा सतराव्या सर्गात आहे. पॅट्रोक्लसच्या अंगावरून काढलेले अकिलीसचे कवच हेक्टर चढवतो. वरून झ्यूस पाहतो, मान हलवतो आणि स्वतःशी बोलतो. बिचाऱ्याला मरण इतके जवळ आले आहे याची जाणीव नाही, असे तो म्हणतो. त्याच दमात तो दोषही देतो: एका भल्या वीराला तू मारलेस आणि त्याची शस्त्रे रीत सोडून उतरवलीस. मग तो ठरवतो की थोडा वेळ याला मोठे बळ द्यावे, कारण युद्धावरून परतलेल्या हेक्टरच्या हातून ती शस्त्रे अँड्रोमाकीला कधीच मिळणार नाहीत. दोषारोप आणि दया एकाच भाषणात, एकाच तोंडून. दया करायची तर आधी निर्दोष सोडावे लागते, हा समज या काव्याला ठाऊकच नाही.

मराठी वाचकाला इथे कर्ण आठवणे साहजिक आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. तिने आणि रणजित देसाईंच्या ‘राधेय’ने आपल्या कित्येकांना हरणाऱ्या बाजूच्या वीरावर प्रेम करायला शिकवले. त्या प्रेमाच्या मुळाशी अन्यायाची जाणीव आहे: जन्मताच टाकलेला, सूतपुत्र म्हणून हिणवलेला कर्ण. हेक्टरच्या वाट्याला तसा अन्याय आलेला नाही. तो लाडका राजपुत्र आहे आणि त्याच्या चुका त्याच्या आहेत. बाविसाव्या सर्गात तटाबाहेर एकटा उभा असताना तो त्या स्वतःच कबूल करतो. माझ्या हट्टाने मी सैन्य बुडवले, आता ट्रॉयच्या स्त्रीपुरुषांना तोंड कसे दाखवू, असे तो मनाशी म्हणतो. अपराध्याबद्दल, त्याचा अपराध डोळ्यांआड न करता, हळहळ वाटणे ही अधिक अवघड गोष्ट आहे. ती होमर आपल्याकडून मागतो. कर्णाच्या वाटेने हेक्टरकडे गेलेल्या वाचकाने हा फरक ओळखला पाहिजे, नाहीतर हेक्टरला निष्कलंक करण्याच्या नादात तो विरोधकांच्याच हाती कोलीत देतो.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर आहे. तो सहानुभूती नाकारत नाही, तिचा हेतू बदलतो. शत्रू जितका थोर तितका त्याला मारणारा मोठा. म्हणून होमर हेक्टरला उंच करतो, म्हणजे अकिलीस आणखी उंच दिसावा. या मताप्रमाणे हेक्टरसाठीची हळहळ ही विजेत्याच्या गळ्यातल्या हाराचीच फुले ठरतात.

हा तर्क बाविसाव्या सर्गावर घासून पाहू. अकिलीसला मोठे करायचे असेल तर समोरासमोरची, स्वच्छ लढत हवी. होमर नेमकी तीच देत नाही. आधी हेक्टर घाबरून पळतो आणि अकिलीस तीनदा त्याला तटाभोवती पळवतो. मग अथीना हेक्टरच्या भावाचे, डीफोबसचे, रूप घेते आणि त्याला धीर देऊन थांबवते. अकिलीसचा पहिला भाला चुकतो, तेव्हा ती तो हेक्टरच्या नकळत उचलून अकिलीसला परत देते. हेक्टरचा भाला ढालीवर आदळून उडतो. दुसरा भाला मागायला तो भावाला हाक मारतो, आणि भाऊ तिथे नसतो. देवांनी आपल्याला मरणासाठी बोलावले हे त्याला त्या क्षणी कळते. तरी निदान झुंजल्याशिवाय मरायचे नाही, असे ठरवून तो तलवार उपसतो. एकाला देवीने भाला परत दिला आहे, दुसऱ्याजवळ भाला नाही. विजेत्याची कीर्ती वाढवण्यासाठी रचलेला प्रसंग असा नसतो. या लढतीत पराक्रमाची सर्वांत स्वच्छ कृती हरणाऱ्याची आहे.

त्यानंतरचे तर आणखी बोलके आहे. हेक्टरने लढतीआधी करार सुचवला होता: जो जिंकेल त्याने दुसऱ्याचे शरीर घरच्यांना द्यावे. अकिलीसने तो झिडकारला. मरतानाही हेक्टर तेच विनवतो, आणि तुझे मांस कच्चे खावे असे मला वाटते, हे उत्तर त्याला मिळते. मग ग्रीक सैनिक भोवती जमतात. त्याचे देखणे रूप पाहून थक्क होतात, आणि एकेक जण पुढे होऊन प्रेताला भाला खुपसतो. जहाजे जाळायला आला तेव्हापेक्षा आता हा हाताळायला किती मऊ आहे, असे ते एकमेकांना म्हणतात. जिवंतपणी ज्याच्यासमोर उभे राहवले नाही, त्याच्या प्रेतावर हात साफ करणारे हे कवीचे स्वकीय. त्याने त्यांचे नाव घेतले नाही, त्यांच्यावर टीकाही केली नाही. पण ग्रीकांचा कैवारी म्हणवणाऱ्या कवीने हे दृश्य ठेवलेच कशाला, याचे उत्तर आक्षेपकांकडे नाही. पुढे अकिलीस घोट्यांच्या शिरांतून वादी ओवून प्रेत रथाला बांधतो आणि ओढत नेतो. धुळीत फरफटणारे ते डोके पूर्वी किती सुंदर होते, आणि त्याच्याच मायभूमीत शत्रूंनी त्याची कशी विटंबना केली, हे कवी स्वतःच्या आवाजात सांगतो. तटावरून आईबाप ते पाहतात. घरात अँड्रोमाकी माग चालवत आहे. युद्धावरून येणाऱ्या नवऱ्याच्या आंघोळीला पाणी तापवायला तिने दासींना सांगितले आहे.

विजयाचा सोहळा करायचा असता तर कवी त्या क्षणी ग्रीक छावणीत गेला असता. तो हरलेल्याच्या घरात गेला, आणि तिथे ज्या बाईला अजून काही कळलेले नाही तिच्यापाशी थांबला.

यानंतरही काव्य संपत नाही. पॅट्रोक्लसच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांचा बळी जातो. अकिलीस रोज पहाटे प्रेत मित्राच्या थडग्याभोवती फरफटवतो. मेल्यावर वैर संपते, असे आपण म्हणतो. इथे ते संपायला तयार नाही. हे इतके असह्य होते की प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात, देवीच्या पोटी जन्मलेल्या वीराने असे केलेच नसेल आणि तरुणांना हे ऐकवू नये, अशी भूमिका घेतली. म्हणजे अकिलीसचे हे वागणे भूषण नव्हे, हे त्यालाही उघड दिसत होते. काव्यात तर चोविसाव्या सर्गात खुद्द अपोलो देवांच्या सभेत म्हणतो की अकिलीसने दया मारून टाकली आहे, तो मुक्या मातीची विटंबना करतो आहे. आणि देव त्याचे ऐकतात. प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जातो, आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो, तुझ्या म्हाताऱ्या बापाला आठव असे विनवतो. दोघे रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. मग अकिलीस अकरा दिवसांचा युद्धविराम देतो: नऊ दिवस शोकाचे, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी थडगे, आणि बाराव्या दिवशी, लढायचेच असेल तर, पुन्हा लढाई.

शेवटी ट्रॉयमध्ये तीन बायका हेक्टरसाठी शोक करतात. अँड्रोमाकी, हेक्युबा, आणि तिसरी हेलन. हेलन जन्माने ग्रीक आहे, आणि हे सारे युद्ध तिच्यासाठी पेटले. इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून मला एकही कडू शब्द ऐकावा लागला नाही, असे ती म्हणते. ग्रीक माणसाने हेक्टरसाठी रडणे ही बाहेरून आणलेली गोष्ट आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा शेवटचा विलाप वाचावा. ते रडणे काव्याच्या आत आहे, आणि ते एका ग्रीक स्त्रीच्या तोंडी आहे. लाकडी घोडा, ट्रॉयचा विध्वंस, अकिलीसचा मृत्यू, यांतले काहीही सांगण्यासाठी होमर थांबत नाही. हेक्टरची उत्तरक्रिया झाली की ‘इलियड’ संपते.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. अशा सहानुभूतीने काय साधले? फेरायचा सत्ताधीश नाटकगृहातून उठून गेला, पण सुधारला नाही. इ. स. पू. ३३२ मध्ये गाझा पडल्यावर मॅसेडोनियाच्या अलेक्झांडरने तिथला सेनापती बेटिस याला घोट्यांतून बांधून रथामागे ओढले आणि आपण अकिलीसचे अनुकरण केले याचा अभिमान मिरवला, असे कर्टिअस हा रोमन इतिहासकार सांगतो. इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज जळताना पाहून रोमन सेनापती स्किपिओच्या तोंडी हेक्टरचे शब्द आले, ज्यांत तो ट्रॉयच्या नाशाचे भाकीत करतो. रोमवरही हीच पाळी येईल अशी भीती त्याने शेजारी उभ्या असलेल्या इतिहासकार पॉलिबिअसकडे बोलून दाखवली. तरी कार्थेज जळालेच.

म्हणून या काव्याने युद्ध थांबते, असा दावा मी करत नाही. पण मॅसेडोनियाचा अलेक्झांडर आणि स्किपिओ या दोन वाचकांमध्ये फरक आहे. अलेक्झांडरने काव्यातून फक्त रथ उचलला. चोविसावा सर्ग त्याने वाचला न वाचल्यासारखा केला. स्किपिओने जिंकूनही आपण काय केले हे स्वतःपासून लपवले नाही. ‘इलियड’ची सहानुभूती विजेत्याचा हात धरू शकत नाही, पण त्याला आपल्या विजयाविषयी खोटे बोलू देत नाही. मेलेल्या शत्रूला आई होती, घर होते, चुका होत्या, आणि त्या चुकांसकट तो माणूस होता, एवढे सत्य ती त्याच्यापुढे ठेवते.

ही सहानुभूती उसनी आहे असे म्हणणारे अलेक्झांडरसारखेच अर्धे काव्य वाचतात. होमरने शेवटचा शब्द विजेत्याला दिला नाही. संशोधनाच्या नावाने तो त्याला परत बहाल करण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.